कुंडलिकेच्या पलीकडे

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां घरगुती वाटेल. जुन्या जालन्याच्या गल्लींत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलें एखादें कुटुंब घ्या, किंवा मंठा, घनसावंगी, भोकरदन या तालुक्यांतून पोटासाठीं जिल्ह्याच्या गांवीं आलेलें घ्या. दोघांच्याहि ओसरीवर आज एकाच गोष्टीची चर्चा चालू असते. शहराच्या कडेला, काल-परवांपर्यंत जेथें कपाशी उभी होती तेथें, नव्या वसाहती झपाट्यानें उठत आहेत. तेथें जावें, कीं आहों तेथेंच राहावें? आजोबा म्हणतात, देव्हारा येथें आहे, चार पिढ्यांची ओळख येथें आहे. सून म्हणते, या गल्लींत वाहन शिरत नाहीं आणि माजघरांत भरदुपारीं दिवा लावावा लागतो. मुलगा कागदावर हिशेब मांडतो आणि मासिक हप्त्याच्या आंकड्याशीं येऊन थबकतो. तिघांचेंहि म्हणणें खरें असतें, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं.

हा पेंच आपल्याच पिढीवर प्रथम आला, असें प्रत्येक पिढीस वाटत असतें. जालन्याचा इतिहास पाहिला तर निराळी गोष्ट दिसून येते. हें शहर अशाच निर्णयांच्या थरांनीं बनलेलें आहे. कुंडलिका नदी त्याच्या मधून वाहते. एका तीरास जुना जालना, दुसऱ्या तीरास कादराबादची व्यापारी वस्ती आणि तिला लागून वाढत गेलेला नवा जालना. एके काळीं कादराबाद हेंच उपनगर होतें. नदी ओलांडून तेथें राहावयास जाणाराला घरच्या वडीलधाऱ्यांनीं आजच्यासारखेच प्रश्न विचारले असतील. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पाळणा सोन्याचा खरा. पण तो कोणत्या दोरीनें टांगला आहे, हें ज्यांनीं आधीं पाहिलें त्यांचें स्थलांतर बहुधा सुखाचें झालें. या दोऱ्यांचाच आज विचार करावयाचा आहे.

नवी वस्ती केवळ हुकमानें उठत नाहीं, हा धडा मराठवाड्यानें फार पूर्वीं पाहिला. इ. स. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीचे लोक देवगिरीस, म्हणजे त्याच्या दौलताबादेस, आणले. वाटेवर मुक्कामाच्या सोयी केल्या, येणारांस मदतहि दिली. तथापि थोड्याच वर्षांत त्याला लोकांना परत जाण्याची मोकळीक द्यावी लागली. सुलतानानें माणसें हलविलीं, पण माणसांचे व्यवहार हलले नाहींत. तेथून कांहीं कोसांवर, सुमारें तीनशें वर्षांनीं, मलिक अंबरानें खडकीस नवें नगर वसविलें. तें साल 1610. हेंच पुढें औरंगाबाद झालें आणि आजचें छत्रपती संभाजीनगर तें हेंच. मलिक अंबरानें डोंगरांतील झऱ्यांचें पाणी जमिनीखालील नहरींतून शहरांत आणलें. राजवटी बदलल्या, नांवें बदललीं, पण तें नगर उठलें नाहीं. दौलताबाद आणि खडकी यांच्यामध्यें फार तर एका मजलेचें अंतर. दोन्ही नगरांमागें राजाची इच्छा होती. एका ठिकाणीं लोकांना नेलें आणि दुसऱ्या ठिकाणीं आधीं पाणी नेलें, एवढ्या फरकानें परिणाम किती निराळा झाला तें आपण पाहतों.

मराठेशाहीच्या काळांत पेठा वसविण्याची रीत याहूनहि शहाणपणाची होती. नवी पेठ उभारावयाची झाली म्हणजे सरकार एखाद्या वजनदार गृहस्थास शेटेपण देई आणि येणाऱ्या उदमी लोकांस कौल देई. त्या कौलांत ठराविक वर्षें जकात व इतर पट्ट्या माफ, पुढें चढत्या दरानें वसूल, अशीं कलमें असत. अठराव्या शतकांत पुण्याच्या पेठा याच मार्गानें भरल्या. या रीतीच्या मुळाशीं एक साधी समजूत होती. नव्या जागीं पहिल्यानें जो दुकान मांडतो तो गिऱ्हाईक नसतांना मांडतो. जो घर बांधतो तो शेजार नसतांना बांधतो. त्याचें हें नुकसान कोणीतरी भरून दिलें पाहिजे. आज नव्या वसाहतींतील पहिले भूखंड स्वस्त मिळतात ती सुद्धां एका अर्थीं कौलाचीच सवलत होय. मात्र जुन्या कौलावर सरकारचा शिक्का असे आणि दिलेल्या वचनाबद्दल कोणास जाब विचारावयाचा तें ठाऊक असे. आजच्या स्वस्ताईमागें कोणाचा शिक्का आहे, हें विचारल्यावांचून तिचा मोह धरूं नये. या मुद्द्याकडे मी पुढें येणारच आहें.

आतां खुद्द जालन्याकडे वळूं. सतराव्या शतकांत ‘जालनापूर’ ही मोगलांच्या दक्षिण सुभ्यांतील भरभराटीची बाजारपेठ होती. सन 1679 च्या नोव्हेंबरांत शिवाजी महाराजांच्या फौजेनें हें शहर लुटलें, हें प्रसिद्धच आहे. महाराजांच्या अखेरच्या मोहिमांपैकीं ती एक. खाफीखान या मोगल इतिहासकाराच्या वृत्तांताच्या आधारें जी हकीगत सांगितली जाते तींत आपल्या विषयाशीं जुळणारा एक तपशील आहे. शहराबाहेर एका बागेंत जान महंमद नांवाच्या साधुपुरुषाचें ठाणें होतें. महाराज साधुसंतांच्या स्थानांस धक्का लावीत नाहींत असा लौकिक असल्यामुळें शहरांतील सावकारांनीं आपला पैसाअडका घेऊन त्या उपनगरांत आश्रय घेतला. शहरांत अपेक्षेइतकें कांहीं हातीं लागलें नाहीं, तेव्हां फौजेला या साठ्याची बातमी लागली आणि ती लूट त्या बागेपर्यंत पोंचली. सावकारांचा हिशेब चुकला कोठें? जागा सुरक्षित होती ती तेथें द्रव्य नव्हतें तोंवर. सगळ्यांनीं एकदम तिकडे धांव घेतली आणि ज्या गुणासाठीं ते गेले तो गुणच नाहींसा झाला. शांत, मोकळें, स्वस्त म्हणून जी वसाहत निवडावी, ती सर्वांनींच निवडली तर तिची शांतता, मोकळीक आणि स्वस्ताई फार काळ टिकत नाहीं. आजच्या काळांत लुटीचें भय नाहीं, पण हा न्याय अजून चालतो.

पुढें आसफजाह निजामुल्मुल्काच्या अमदानींत, 1725 मध्यें, काबिलखानानें शहराच्या पूर्वेस किल्ला बांधला. त्याचा बालेकिल्ला तो मस्तगड. किल्ल्याच्या भिंतीच्या आधारानें वस्ती वाढते. पण भिंत जितका आधार देते तितकेंच शत्रूला आमंत्रणहि देते. 1803 च्या दुसऱ्या मराठे-इंग्रज युद्धांत सप्टेंबरच्या 2 तारखेस कर्नल स्टीव्हन्सननें जालना घेतला आणि तीन आठवड्यांनीं, 23 सप्टेंबर रोजीं, आज आपल्याच जिल्ह्यांत असलेल्या असईच्या रणांगणावर वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. 30 डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगांवच्या तहान्वयें अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील शिंद्यांचा मुलूख, जालनापूर धरून, त्यांच्या हातून गेला आणि पुढें तो निजामाकडे आला. एका वर्षांत एवढी उलथापालथ पाहिलेल्या रयतेनें किल्ल्याच्या भिंतीवर कितपत भरंवसा ठेवला असेल, याची कल्पनाच करावी.

यानंतर जालन्यास जें नवें उपनगर लाभलें तें छावणीचें. 1827 मध्यें येथें लष्करी तळ पडला. सरळ रस्ते, ऐसपैस बंगले, कवाइतीचीं मैदानें आणि त्यांच्या जोडीला सदर बाजार. हें नांवच छावणीच्या परिभाषेंतलें आहे. शिपायाचा पगार दर महिन्यास बाजारांत येई. त्यावर शिंपी, मोची, हलवाई, भाजीवाले, घोड्यांच्या चाऱ्याचे ठेकेदार पोट भरीत. जुन्या जालन्याच्या गल्लींतून उठून या बाजारांत दुकान थाटणाराचा निर्णय तेव्हां कोणीहि शहाणपणाचाच म्हटला असता. शाश्वत पगारासारखें शाश्वत गिऱ्हाईक कोठें मिळावयाचें? परंतु तो पगार दुसऱ्याच्या मर्जीचा होता. 1903 मध्यें फौज उठली आणि छावणी ओस पडली. पाऊण शतक ज्या वस्तीनें एकाच धन्याकडे पाहून दिवस काढले, तिचा आधार एका लष्करी हुकमासरशीं तुटला.

तरीहि सदर बाजार मोडला नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्याचें कारण नशीब म्हणा वा योगायोग म्हणा, फौज निघून जाण्याच्या थोडेंच आधीं दुसरी दोरी जालन्यास बांधली गेली होती. मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंतची गोदावरी खोऱ्यांतील रेल्वे 1900 च्या सुमारास या भागांतून धावूं लागली. बैलगाड्यांचे तांडे घेऊन जो कापूस दूरदूरच्या पेठांकडे जात असे त्याला दारांतच मार्ग मिळाला. सरकी काढण्याचे आणि गठ्ठे दाबण्याचे कारखाने उभे राहिले, धान्याचे अडते आले, त्यांच्यामागें हमाल आले. 1899-1900 च्या भीषण दुष्काळानें खेड्यांतील कित्येक कुटुंबें शहरांच्या आश्रयास लोटलीं होतीं; त्यांना या पेठेनें काम दिलें. छावणीच्या पगारावर ज्याचें एकट्याचें दुकान चालत होतें तो बुडाला. ज्यानें कापसाच्या व्यापारांतहि एक पाय रोंवला होता तो तरला. एकाच आधारावर उभी असलेली वस्ती कितीहि देखणी असली तरी तिच्यांत जन्माची पुंजी घालण्यापूर्वीं दुसरा आधार कोणता, हें पाहिलें पाहिजे.

येथवर आपण व्यापाऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या स्थलांतराची गोष्ट केली. पण ज्यांना गांवांतच सुख नव्हतें त्यांच्यापुढें हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा राही. जालन्याजवळ बेथेल नांवाची वस्ती आहे. ब्राह्मण कुळांत जन्मून 1843 मध्यें ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्रि यांनीं 1860 नंतरच्या काळांत जालन्याच्या परिसरांत मिशनचें काम उभारलें आणि पुढें ही वस्ती वसविली. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनीं त्यासाठीं जमीन दिली. तेथें राहावयास गेलेलीं अनेक कुटुंबें मातंग समाजांतील होतीं. त्या कुटुंबांच्या दृष्टीनें विचार करा. गांव सोडणें म्हणजे बलुत्याचा हक्क सोडणें. सुगीला खळ्यावर मिळणारें चार पायली धान्य, कितीहि अपमानाचें असलें तरी, तें निश्चित होतें. समोर होती नवी जागा, कसावयास जमीन, मुलांना शाळा, आणि मागें राहिलेल्या सोयऱ्याधायऱ्यांशीं जवळजवळ कायमची ताटातूट. धर्मांतराच्या प्रश्नावर कोणाचें मत कांहींहि असो. गांवकुसाबाहेर ज्याचें घर होतें त्याला ‘पूर्वजांची जागा सोडूं नये’ असा उपदेश करण्याचा अधिकार गांवकुसाच्या आंत राहणारांस नव्हता, एवढें तरी मान्य केलें पाहिजे. आजहि खेड्यांतून शहराच्या कडेला येणारा प्रत्येक जण केवळ सोयीसाठीं येत नाहीं. कांहीं जण आपलें जुनें नांव विसरलें जावें म्हणून येतात, आणि त्यांच्या हिशेबांत त्या विसराची किंमत फार मोठी असते.

ज्यांना जावेंसें वाटूनहि जातां येत नाहीं, त्यांचीहि गणना केली पाहिजे. 1896 मध्यें मुंबईंत प्लेगनें थैमान घातलें आणि 1898 मध्यें शहरसुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या योजनांतून दादर-माटुंग्यास रुंद रस्त्यांच्या, हवेशीर घरांच्या नव्या वसाहती उठल्या. कारकून, वकील, शिक्षक असे पांढरपेशे लोक तेथें गेले आणि त्यांचें भलें झालें. गिरणीकामगार मात्र चाळीच्या अंधाऱ्या खोलींतच राहिला. त्याला उजेडाचा तिटकारा होता असें नव्हे. गिरणीचा भोंगा वाजतांच पायीं पोंचतां येईल एवढ्याच अंतरावर त्याला राहणें भाग होतें. भाडें आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून त्याचा पगार फस्त झाला असता. घरापासून कामापर्यंतचें अंतर हाहि भाड्याचाच भाग आहे, हें मुंबईनें शिकविलें. जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील मजुरानें हा धडा लक्षांत ठेवावा.

आतां पाण्याकडे येऊं. जालन्याची खरी परीक्षा तेथेंच होते. जमशेदखानानें मोती तलाव बांधून जमिनीखालील नळांनीं शहरांतील हौदांपर्यंत पाणी आणलें. पुढें निजामी अमदानींत घाणेवाडीच्या तलावाचें पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरास मिळूं लागलें. जुन्या वस्तीनें आपली तहान अशी बांधून घेतली होती. नव्या वसाहती या सोयीच्या टोंकाला, पुष्कळदां तिच्या बाहेरच वाढल्या आणि विंधनविहिरींवर विसंबून राहिल्या. आपली जमीन काळ्या पाषाणाची. भेगांत जेवढें मुरेल तेवढेंच पाणी. सरासरी पाऊस सुमारें 700 मिलिमीटर, आणि तोहि बेभरंवशाचा. 2012-13 च्या दुष्काळांत घाणेवाडीचा तलाव आटला आणि सबंध शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलें. शेवटीं 2013 मध्यें पैठणच्या जायकवाडी जलाशयाचें पाणी नळानें जालन्यास आलें. त्या उन्हाळ्यांत जुना वाडा आणि नवा बंगला हा भेद मिटला. ज्याच्या आडांत थोडेंफार पाणी उरलें होतें त्याच्या दारीं रांग लागली, मग तें दार कितीहि जुनें असो.

दरम्यान शहर वाढतच राहिलें आहे. 1964 मध्यें बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली आणि जालन्याच्या बियाण्यांचें नांव देशभर झालें. त्यामागून लोखंडी सळयांचे कारखाने आले. 1 मे 1981 रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, कर्मचारी आले. 11 डिसेंबर 2022 रोजीं समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जालना त्या मार्गावर आला. 2023 मध्यें येथील नगरपालिकेची महानगरपालिका झाली. बियाणें, लोखंड, कचेऱ्या आणि रस्ता मिळून या चार दोऱ्या झाल्या. 1903 च्या छावणीपेक्षां आजच्या वाढीचा आधार अधिक रुंद आहे, हें निःसंशय.

पण वाढीच्या वेगांत एक जुनें दुखणें लपलेलें असतें. शेताचे गुंठ्यागुंठ्यानें तुकडे पाडावे, साध्या कागदावर व्यवहार करावा, रस्ता नकाशांत दाखवावा आणि जमिनीवर सोडूं नये, हा उद्योग महाराष्ट्रांतील प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेला चालला. त्यास गुंठेवारी म्हणतात. अशा घरांत लाखों लोक राहूं लागल्यावर 2001 मध्यें सरकारनें गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि त्या वर्षाच्या 1 जानेवारीपूर्वींचीं बांधकामें त्याखालीं घेतलीं. 2021 मध्यें दुरुस्ती करून ही मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. कायद्याला वीस वर्षांनीं मागें वळून पुन्हां हात द्यावा लागला, यावरून या व्यवहारांचा पसारा समजेल. नियमित होणें याचा अर्थ इतकाच, कीं पूर्वीं विकणारानें जो खर्च करावयास हवा होता तो आतां राहणारानें शुल्क भरून करावा. मघां मी कौलावरील शिक्क्याचा उल्लेख केला तो यासाठीं. सातबारावर कोणाचें नांव आहे, जमीन अकृषिक झाली आहे काय, आंखणी मंजूर आहे काय, या तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मिळालीं म्हणजे आजचा कौल पक्का झाला. दलालाची तोंडी ग्वाही ही पक्की नव्हे.

मग जावें कीं राहावें? इतिहास कोणाच्या घरचा निर्णय करून देत नाहीं. तथापि मला विचाराल तर, जावें, असेंच मी म्हणेन. या शहरांत नदी ओलांडणारे लोक एकंदरींत चुकले नाहींत. कादराबादेस गेले त्यांनीं पेठ उभारली, सदर बाजारांत गेले त्यांतील पुष्कळांनीं फौज गेल्यावरहि तग धरला, बेथेलास गेले त्यांच्या मुलांनीं पाटीपेन्सिल हातीं धरली. मुलांना उजेड आणि वाव मिळत असेल तर केवळ भिंतींच्या मायेनें त्यांना अडकवून ठेवणें बरें नव्हे. मात्र जुनें घर विकून नव्या घराचा पहिला हप्ता भरण्याची घाई करूं नये. छावणी उठली तेव्हां ज्यांचें दुसरें दार उघडें होतें तेच सांवरले. आणि वडीलधारी माणसें जुन्या गल्लींत राहूं म्हणालीं तर त्यांना हट्टी म्हणूं नये; शेजाऱ्याच्या हांकेच्या अंतरावर राहणें हें त्या वयांत औषधाइतकेंच गरजेचें असतें, आणि नव्या वसाहतींत तसा शेजार तयार होण्यास दहा-पंधरा वर्षें लागतात. तोंवर मुलानें पूल ओलांडून रोज एक फेरी मारावी. कुंडलिका कांहीं फार रुंद नाहीं.

एक व्यवहाराची सूचना देऊन थांबतों. भूखंड दाखविणारे लोक बहुधा श्रावणांत बोलावतात. त्या वेळीं शिवार हिरवें असतें, नाल्याला पाणी असतें आणि मन प्रसन्न असतें. तेव्हां अवश्य जावें, पाहून यावें, पण विसार देऊं नये. वैशाखांत पुन्हां त्याच जागीं जावें, तेथें आधीं राहावयास आलेल्या एखाद्या घरीं पाणी मागावें, आणि तें कोठून व किती दिवसांनीं येतें हें त्या घरच्या बाईला विचारावें. ती जें सांगेल त्यावरून विसार द्यावयाचा कीं नाहीं तें ठरवावें.